सीताफळाला डोळे पडतात तेव्हा

परवा सकाळी चूळ भरायला अंगणात आलो, तर कुंपणाजवळचं सीताफळाचं झाड माझ्याकडे बघत होतं.

यात मी काहीही वाढवलेलं नाही. फळ भरत आलं, त्याच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावून हिरव्याच्या पिवळसर पांढऱ्या झाल्या, की आमच्याकडे म्हणतात, डोळे पडले. डोळे पडलेलं फळ तोडून आढीत घातलं की दोन-तीन दिवसांत लोण्यासारखं होतं. त्याआधी तोडलं तर आढीत नुसतं पडून राहतं आणि काळं ठिक्कर होऊन मरतं. एका फळाला किती डोळे असतात? मी गावात हजार सांगतो. मोजायला कोण बसलंय?

हजार हा माझा हातचा आकडा. माझ्या गोष्टीतला साप हजार हात लांब असतो, माझ्या लग्नाला हजार बैलगाड्या आल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या अजून परतीच्या वाटेवर आहेत. म्हणून गाव मला हजारी म्हणतं. खरं नाव आधार कार्डावर आहे, ते तिथंच बरं आहे. मी बोलायला लागलो की आमच्या घरच्या मंडळीसुद्धा ताटात भाकर टाकत म्हणतात, "झाली सुरू यांची हजारी."

तर परवा झाडानं बघितलं आणि तांब्या हातात तसाच राहिला. अंगणातल्या फळाला डोळे पडले, म्हणजे घुमणा डोंगरावरच्या फळांना आठ दिवसांपूर्वीच पडले असणार. तिथला दगड तापतो, तिथं सगळंच लवकर पिकतं. म्हणजे अख्खा डोंगर आठ दिवसांपासून डोळे उघडून बसला आहे, आणि मी अजून गेलेलो नाही. आठ वर्षं झाली, मी गेलेलो नाही.

मारेगाव मागं टाकून तुम्ही पुढं निघालात, की कपाशीचं काळं रान एका जागी अचानक दमतं. माती पातळ होते, राखाडी होते, मग तिच्यातून दगडाची हाडं वर येतात. त्या हाडांचा शेवटी एक ढीग उभा राहतो, तो घुमणा. चुनखडीचा डोंगर. पाहुण्यांना सांगताना मी त्याची उंची दरवर्षी शंभर हात वाढवतो. या वाढीनं तो आता ढगांच्या वर गेला आहे आणि त्याच्या माथ्यावरून मला घरच्या चुलीवरचं वांगं करपताना दिसतं. खरं विचाराल तर माथा गाठायला दीड तास लागतो. पण त्या दीड तासात माणूस जेवढा म्हातारा होतो, तेवढा सपाटीवर दहा वर्षांत होत नाही.

चुनखडीचा दगड आपल्या साध्या काळ्या दगडासारखा नसतो. काळा दगड पावसाला पाठ दाखवतो, हा तोंड उघडतो. वर्षानुवर्षं पाऊस त्याला चाटत राहतो, आणि मग त्याला विळ्याच्या पात्यासारख्या कडा फुटतात. नवी चप्पल घालून चढलात तर उतरताना फक्त अंगठा उरतो. जागोजागी भोकं. काही मुठीएवढी, काहींत बैल जाईल. भर पावसाळ्यात वरून ओढा धावत येतो, आणि एका भोकाशी आला की नाहीसा. खळखळाट नाही, डबकं नाही, गिळलं म्हणजे गिळलं. मी एकदा त्या भोकात लाल चिंधी टाकली होती, ती तिसऱ्या दिवशी दिग्रसच्या एका विहिरीत निघाली. दिग्रस इथून एसटीनं जायचं तर अख्खा दिवस मोडतो. चिंधी तिकिटाशिवाय गेली.

बरं, चिंधी टाकली होती हे खरं आहे. ती कुठंच निघाली नाही, हेही खरं आहे.

आणि तो घुमतो. पश्चिमेचा वारा सुटला, त्यातही पाऊस मागं फिरताना जो आडदांड वारा सुटतो तो सुटला, की सगळ्या भोकांत शिरून डोंगर हूं हूं करू लागतो. लांबून ऐकलं तर बाजूच्या खोलीत कुणीतरी आजारी माणूस कण्हत असल्यासारखं. जवळून ऐकलं तर तुम्हालाच काहीतरी विचारत असल्यासारखं.

चढायची वाट मला आजही डोळे मिटून पाठ आहे. आधी सीताफळाचं रान, कमरेएवढं, अंगाला त्याच्या पानांचा उग्र वास चिकटतो. मग सालईची झाडं, ज्यांची साल कागदासारखी सुटून वाऱ्यात फडफडते. मग जीभ. जीभ म्हणजे उघड्या दगडाचा एक लांब उतार, पांढरट, मधोमध चिरलेला. त्यावर बसून दम खायचा. जिभेच्या वर दोन कातळांच्या मधली सांद. तिच्यात पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला रोवून सरकत सरकत वर जायचं. वर फळांचा कट्टा, आणि त्याच्याही वर खळ्याएवढा माथा, त्यावर पांढऱ्या खोडाचं एकच कांडोळ. दिवसासुद्धा कुणी उघडा माणूस हात वर करून उभा आहे असं वाटावं, असं ते झाड.

कट्ट्यावरची सीताफळं मात्र तशी दुनियेत नाहीत. एका फळात दोघांची न्याहारी. वानरं खालचं सगळं रान उष्टं करतात, पण कट्ट्यावर येत नाहीत. का येत नाहीत, हा प्रश्न मला तरुणपणी पडला नाही. तरुणपणी फुकट मिळालेल्या गोष्टीला प्रश्न विचारत नाहीत.

ही वाट मला दाखवली देवसिंगनं. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा तांडा आहे. त्याचे पणजोबा-खापरपणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता तांड्याची शेतं आहेत, कापूस आहे, तूर आहे, पोरं पुण्याला आहेत. पण एक रीत त्या फिरत्या दिवसांची राहिली आहे. डोंगराच्या तोंडाशी मोहाखाली एक सपाट शिळा आहे, आणि शेजारी गोट्यांचा ढीग. वर जाणाऱ्यानं ढिगातला एक गोटा उचलून शिळेवर ठेवायचा. उतरल्यावर आपला गोटा उचलून परत ढिगात टाकायचा. जुन्या काळी घाट चढताना माणसं अशीच मोजत म्हणे. शिळा रिकामी झाली की सगळे आले. शिळेवर गोटा उरला, तर कुणीतरी वर उरलं.

देवसिंगचा गोटा ठरलेला होता. तांबडा, विटेच्या रंगाचा, या डोंगरात कुठं न सापडणारा. "माया आजानं आनला व्हता," तो म्हणायचा. "कोन्या मुलखातून, थे त्याले बी याद नव्हतं."

आता मी केलेलं पाप सांगतो. तीसेक वर्षं झाली. कट्ट्यावर मी आणि देवसिंग दोघंच जायचो, पण हळूहळू बाकीच्यांना त्या फळांचा वास लागला. एका दसऱ्यानंतर पाहतो तर कट्ट्यावर आमच्याआधी चार टोपली भरलेली. मला राग आला. राग आला की लोक भांडतात, मी गोष्ट रचतो. दुसऱ्या दिवशी पिठाच्या चक्कीवर ज्वारी दळायला गेलो. आठ-दहा बाया, चार माणसं, चक्कीचा पट्टा तुटलेला, सगळे रिकामे. इतका चांगला श्रोता माणसाला नशिबानं मिळतो.

मी म्हटलं, "घुमणा नाव घेऊन हाक मारते. जिभेच्या वर गेलं का मारते. तीन हाका. ओ देली, का माणूस गेला. मांगं पायलं, तरी गेला."

"कोन गेला बाप्पा?" एका बाईनं विचारलं.

"जो गेला थो सांगाले येते काय माय?"

बायांनी आपापली पोती जवळ ओढली. देवसिंग माझ्या शेजारी पोत्यावर बसला होता. त्यानं पोत्याआडून माझ्या पायाला चिमटा काढला, पण तोंड गंभीर ठेवलं. बाहेर आल्यावर पोट धरून हसला. "हजारी, तुया तोंडाले कुलूप पाह्यजे बे." पुढच्या हंगामात कट्टा आमचा दोघांचाच होता.

गोष्टीला आपण पाय देतो, पण ती चालायला लागली की कुठं जाते हे आपल्या हातात राहत नाही. दोन-चार वर्षांत बायांनी नेम केला, डोंगरावर कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. मग ठरलं, हाक आली तर पदर तोंडाशी धरून मुकाट खाली यायचं. मग मारेगावच्या बाजारात एका अनोळखी म्हाताऱ्यानं मला माझीच गोष्ट सांगितली, त्याच्या पणजोबाच्या काळातली म्हणून, आणि वर मला दम दिला, "हसू नोको, हसनारे लय पायले." मी घरी येईपर्यंत छाती फुगवून चालत होतो. माझ्या थापेला पणजोबा मिळाला होता!

आठ वर्षांपूर्वीचा तो हंगाम. दसरा होऊन गेला होता, कपाशीची पहिली वेचणी चालू होती, आणि सीताफळं अशी आली होती की फांद्या जमिनीवर कोपर टेकून बसल्या होत्या. त्या वर्षी मला सगळं जास्तच चांगलं वाटत होतं, आणि जास्त चांगलं वाटलं की मला आता भीती वाटते, ती त्या वर्षापासून.

सकाळी आम्ही सातजण चढलो. शिळेवर सात गोटे, त्यात एक तांबडा. देवसिंगची बायको शेवंता खाली मोहाखाली बसली, आलेली फळं निवडून टोपलीत पाल्यावर रचायला. जाताना ती म्हणाली, "लवकर या. आज वारा चांगला नाही." वारा नव्हताच. पान हलत नव्हतं. पण ती तसंच म्हणाली.

बाकीचे पाचजण जिभेच्या आसपासच वेचत राहिले. कट्ट्यावर मी आणि देवसिंग वेगळे झालो. तो पश्चिमेच्या अंगाला गेला, तिकडं गवत छातीएवढं आणि फळं मोठी. मी पूर्वेला राहिलो. माझं बोचकं आधी भरलं. "मी उतरून राह्यलो बे!" मी ओरडलो. गवतातून त्याचा हात वर आला, एवढंच. मी सांद उतरून जिभेवर आलो. माझ्यापुढं शंभरेक पावलांवर सुंदराबाई उतरत होती. सत्तरीची बाई, डोक्यावर टोपलं, तोंडात तंबाखू, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट.

तेव्हा पश्चिमेला ढग उभा राहिलेला दिसला. खालून काळा, वरून ताकासारखा. पहिला वारा आला आणि डोंगर घुमू लागला. आणि त्या घुमण्यातून हाक आली.

"हजारीऽऽ"

मी थांबलो. पुढं सुंदराबाई थांबली. तिनं वळून पाहिलं नाही. पदर तोंडाशी धरला.

"हजारी रेऽऽ"

आवाज दगडातून येत होता. वरून नाही, मागून नाही, पायाखालून. कुणाचाच नाही असा, रिकाम्या मडक्यात कुणी बोलावं तसा. आता तुम्ही म्हणाल, हजारीला कसली भीती? गोष्ट त्याचीच. पट्टा तुटलेली चक्की, ज्वारीचं पोतं, पायाला काढलेला चिमटा, सगळं मला आठवत होतं. ही थाप आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक मी होतो. तरी माझी जीभ टाळूला चिकटली. तुरीत आपल्याच हातानं बुजगावणं उभं करावं, आणि संध्याकाळी परत येताना त्यानंच आपल्याकडे मान वळवावी, तसं झालं. मी मनाला म्हटलं, वारा आहे. मनानं विचारलं, वाऱ्याला तुझं नाव कुणी सांगितलं?

"हजारीऽऽ"

तिसरी. मी ओ दिली नाही. मागं पाहिलं नाही. बोचकं छातीशी धरून उतरलो.

मी हे वाक्य आठ वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे. मोठं करायला त्यात जागा नाही.

खाली सुंदराबाई माझी वाट बघत उभी होती. "तीनदा घेतलं तुयं नाव," ती कुजबुजली. "म्या मोजलं. चांगलं केलं तू बोलला नाहीस थे." एकेक जण उतरत होता, आपला गोटा उचलून ढिगात टाकत होता. खट्. खट्. मीही माझा टाकला. मग शिळेवर एकच उरला. तांबडा.

शेवंतानं हातातलं फळ खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. "थे कुठं हायेत?"

 तेव्हा कळलं. आधीच कळलं होतं, तेव्हा कबूल केलं. "वर आहे. थोच हाक मारून राह्यला होता. चला, दोर घ्या, चला सगळे."

कुणी हललं नाही. सुंदराबाई म्हणाली, "थो देवसिंग नोहे. डोंगरानं त्याचा आवाज घेतला. आता जो जाईन थो बी जाईन."

"अवो बाई, थे खोटं आहे! म्याच रचली थे गोष्ट. चक्कीवर. मायी आन आहे, म्याच रचली!"

"चूप बैस रे," सुंदराबाई खेकसली. "मले माया आजीनं सांगतली थे. मी इतकूशी होती तवा. तू रचली म्हने! माणूस वर मरून राह्यला आन याले आता बी फेकाचं सुचते."

बाकीचे माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जी आयुष्यभर थापा मारूनही मला कधी मिळाली नव्हती. किळस. मी आयुष्यात हजार थापा मारल्या, सगळ्या पटल्या. एक खरं बोललो, तर तेवढंच पटलं नाही. एक जण म्हणाला, गावातून माणसं आणतो, बाज आणतो. ते पळाले. गाव दोन मैल. आणि ढग डोक्यावर आला होता.

त्या ढगाकडे पाहून मला दुसरंच काही ध्यानात आलं. हा डोंगर पाणी गिळतो. देवसिंगचा आवाज पायाखालून आला होता. म्हणजे तो त्याच्या घशात होता.

मी निघालो. मागं पावलं वाजली. शेवंता. पदर कमरेला खोचलेला, हातात फळांच्या ओझ्याचा दोर.  सीताफळाच्या रानातून, सालईंतून, जिभेवरून आम्ही वर गेलो, आणि सगळ्या वाटेवर डोळे पडलेली फळं दोन्ही बाजूंनी बघत होती. सांदीत मी पाय रोवायला जागा शोधत होतो. ती माझ्याआधी वर गेली.

कट्ट्याच्या पश्चिम अंगाला गवत वाऱ्यानं लोळत होतं. मी ओरडलो, "देवसिंग!" डोंगर घुमला. "देवसिंग! ए देवसिंग!" काही नाही. दोनदा, पाचदा, वीसदा. पावसाचे पहिले टपोरे थेंब दगडावर आपटू लागले. माझा आवाज फुटला. मी खाली बसलो आणि म्हणालो, "वहिनी, तो नाही."

शेवंतानं लग्नापासून नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. तिच्या आईनंही घेतलं नव्हतं, तिच्या आईच्या आईनंही नाही. ती गवताकडे तोंड करून उभी राहिली आणि रोज संध्याकाळी शेताच्या बांधावरून जशी हाक मारायची तशीच मारली, आपल्या बोलीत, पोरीच्या नावानं, गोपीचा बाप म्हणून.

"ए गोपीरो बा!"

आणि दहा हातांवरून, जमिनीच्या आतून, उत्तर आलं. "हां."

गवताखाली बाजेच्या रुंदीची चीर होती. वरून दिसत नव्हती, गवत दोन्हीकडून तिच्यावर पडलं होतं. आत दीड पुरुष खाली देवसिंग अडकला होता, एक पाय वाकडा, चेहरा चुन्यासारखा. पुढचं मी बाजारात हजार प्रकारे सांगितलं आहे. त्यात मी त्याला खांद्यावर टाकून उतरतो, वाटेत बिबट्या आडवा येतो आणि माझा आवेश पाहून बाजूला होतो. इथं खरं लिहितो. मी पाठ-पाय रोवून आत उतरलो, त्याच्या काखेत दोर आणि माझा दुपट्टा बांधला, खालून रेटलं. वर ओढलं ते शेवंतानं. एकटीनं. तिचे तळवे सोलून निघाले. तो चिरेबाहेर आला आणि पाऊस कोसळला. आम्ही तिघं कडेला पडून पाहत होतो. सगळ्या कट्ट्याचं पाणी वळत वळत आलं आणि त्या चिरेत शिरलं. आवाज न करता.

मग माणसं बाज घेऊन आली. पाय जुळला, पण दोन बोटं आखूड राहिला.

त्यानंतर देवसिंग डोंगर चढला नाही. हंगामात तो मोहाखाली शिळेजवळ बसतो, गोटे मोजतो. मी त्याच्या घरी जातो, चहा पितो, जगभरच्या गप्पा मारतो, डोंगर सोडून. त्यानं कधी विचारलं नाही, "तू आयकलं होतं काय?" मी कधी सांगितलं नाही. माझ्यासारखा बोलका माणूस आठ वर्षं एका वाक्यावर बसून होता. त्याच्याशी हसताना ते वाक्य माझ्याखाली असायचं, त्या चिरेसारखं, दोन्हीकडून गवत पडलेलं.

परवा झाडानं बघितलं. काल मी घुमण्याच्या पायथ्याशी गेलो.

देवसिंग मोहाला टेकून बसला होता. शिळेवर पाच गोटे. मी समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. जीभ, सुंदराबाई, हाका. "तुया तीन हाका म्या आयकल्या. तिन्ही. ओ नाही देली. गोष्ट मायी, आन मीच भेलो."

त्यानं शिळेवरचा एक गोटा सरळ केला. मग म्हणाला, "मले माहीत आहे. तू ओ देली नाही, तवा मले वाटलं, हजारी बी नाही बोलत, म्हंजे गोष्ट खरीच असन. म्हून मंग तू देवसिंग देवसिंग करत आला, त मी चूप राह्यलो. म्हटलं, हा हजारी नोहे." तो हसला. मलाही रडता रडता हसू आलं. वाटलं, सुटलो.

मग त्याचं हसू थांबलं. "पन तीन नाही."

"काय?"

"दोन. म्या दोन मारल्या. दुसरीच्या मांगं छातीत कळ आली, आन मी गपकन झालो. डोये उघडले थे तुया आवाजानं. दोन मारल्या, हजारी."

मी त्याच्या चेहऱ्यात थाप शोधली. थापेचा मी पारखी आहे, मला लांबून वास येतो. वास आला नाही. आणि सुंदराबाईनं मोजलं होतं. ती आता नाही, नाहीतर आत्ता उठून तिच्याकडे गेलो असतो आणि पाय धरून म्हटलं असतं, बाई, एकदा तरी चुकीचं मोजलं म्हण.

डोंगरावर वारा नव्हता. रान सगळं डोळे उघडून होतं. मी ढिगातला एक गोटा उचलला, शिळेवर ठेवला. तो देवसिंगनं पाहिला.

"जातं काय वर?"

"जातो."

"कोनी हाक मारली त ओ देजो."

"आन माणूस नसन त?"

त्यानं आखूड पाय हातानं उचलून सरळ केला. "तरी दे. त्याले बी आजवर कोनी देली नसन."

मी चढलो. सीताफळाचं रान, सालई, मग जीभ. साठीचा माणूस, दम लागला, जिभेवरच्याच चिरेच्या कडेला बसलो. सगळं गप्प होतं. कुणी काही बोललं नव्हतं, कुणी नाव घेतलं नव्हतं. तरी मी उभा राहिलो, तोंडाशी हात धरले आणि पोटापासून, आठ वर्षं उशिरा, ओ दिली.

खालून, मोहाच्या अंगानं, देवसिंगची ओ आली.

मग थोडं थांबून, वरून आली.